झुलीचं कापड

तुम्ही काय करता असं कुणी विचारलं, की मी "लहान माणसं करते" असं सांगायचे. समोरचा गोंधळला की मला बरं वाटायचं. अमरावतीच्या एका शाळेत मी कार्यानुभव शिकवत होते, पण ती पोटापाण्याची गोष्ट झाली. माझं खरं काम घरी जिन्याखालच्या बोळकांडीत चालायचं. चार बोटं उंचीची लाकडाची नि मातीची माणसं, जनावरं रंगवायची आणि त्यांना कपडे शिवायचे. महालक्ष्म्यांपुढे मांडायला बायका माझ्याकडून जात्यावर दळणारी, विहिरीवर पाणी शेंदणारी, पोराला मांडीवर घेऊन बसलेली अशा बाहुल्या घेऊन जायच्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरांची वेशभूषा स्पर्धा असली की महिनाभर मला मशीनवरून उठायची सोय नसायची. एका वर्षी मी एकाच आठवड्यात चार पोस्टमन, दोन भाजीवाल्या नि एक वासुदेव उरकला, आणि त्यातल्या एका पोस्टमनच्या आईनं खाकी रंग फिका आहे म्हणून मला ऐकवलं. मी म्हटलं, पोस्टमन उन्हात फिरतो, बाई.

माझा स्वभाव असाच. कामात तर फारच. "खोटं दिसतं" ही माझी सगळ्यात मोठी शिवी होती आणि ती मी स्वतःला सगळ्यात जास्त द्यायचे. तीन केसांच्या ब्रशानं दिवसभर काढलेला चेहरा मी संध्याकाळी एका फटक्यात पुसून टाकलेला आहे. नवरा म्हणायचा, "अगं, कोण बघतंय एवढं?" मी बघते ना!

कपड्यांच्या बाबतीत माझा एक नियम होता. लहान बाहुलीला नवं कापड चालत नाही. चार बोटांच्या बाईला नवी कोरी साडी नेसवली, तर ती साडी ताठ उभी राहते आणि बाई तिच्या आत लपून बसल्यागत दिसते. खळ गेलेलं, विरलेलं, दहा-पंधरा वर्षं धुऊन धुऊन अंग सोडलेलं कापड पाहिजे. तेच नीट पडतं, त्यालाच खरी चुणी येते. त्यामुळे मला एक वाईट खोड लागली होती. कुणाकडे गेले की माणसांआधी माझी नजर दोरीवरच्या कपड्यांवर जायची. माझी जाऊ तर मी येणार म्हटलं की जुनी लुगडी कपाटात कोंबून ठेवायची. आम्ही दोघी त्यावर हसायचो.

हिवरखेड माझं आजोळ. तिथे माझे मामा आणि मामी, दोघंच. मूलबाळ झालं नाही. काळ्या मातीचं थोडं वावर, घराला लागून गोठा आणि गोठ्यात बैलांची एक जोडी. ही जोडी मामांनी गोऱ्हे असताना आणली होती, स्वतः वळण लावलं होतं. उजवीकडच्याच्या एका शिंगाचं टोक उडालेलं होतं. डावीकडच्याच्या मांडीवर डागाची खूण होती नि तो पाणी पिताना आधी नाकानं फुंकर मारायचा. मामा तसे मितभाषी. पण बैलांशी बोलायला लागले की थांबायचे नाहीत. लहानपणी मला त्यांच्या बैलांचा चक्क हेवा वाटायचा.

ते दिवस वाईट होते. कापसानं दगा द्यायची वर्षं ती, एकामागून एक. सकाळी वर्तमानपत्र उघडायची भीती वाटायची. आतल्या पानावर रोज कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव असायचं, आणि ज्याचं कुणी गावाकडे आहे तो ते आधी वाचायचा. शिक्षकांच्या खोलीत आम्ही सगळेच कुणाचे तरी मुलगे, भाच्या नि पुतण्या होतो. दिवस मावळायला लागला की प्रत्येक जण गावी फोन लावायचा. काय खाल्लं, पाऊस आला का, असलं काहीतरी विचारायचं. खरं विचारायचं ते कुणीच विचारत नसे.

आमच्या मामांवर कुणाचं काही देणं नव्हतं. ते एवढे भिडस्त, की शेजाऱ्याकडून विळासुद्धा मागायचे नाहीत. पण सलग दुसऱ्या वर्षी विहीर तळाला गेली, कडबा संपला, कुटार संपलं. चैत्रात बैलांच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. तेव्हा मामांनी जोडी बार्शीटाकळीकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला दिली. त्याच्या विहिरीला तेव्हा पाणी होतं. व्यवहार रीतसर झाला, पण मामांनी एक शब्द घेतला होता: पाऊस पडून चारा आला की पोळ्याला जोडी त्यांचीच, घेतलेले पैसे परत करून ते बैल घेऊन येणार. ते पैसे त्यांनी डब्यात तसेच बांधून ठेवले होते.

मे महिन्याच्या सुट्टीत मी हिवरखेडला गेले. सकाळी झाडूचा आवाज आला म्हणून बाहेर आले, तर मामा रिकामा गोठा झाडत होते. शेण नाही, मूत नाही, झाडायला काही नाही. तरी कोपऱ्याकोपऱ्यातून झाडू फिरवून त्यांनी गव्हाणीत हात घालून बघितलं आणि पुसून घेतली.

मी म्हटलं, "मामा, काय झाडता?"

"धूळ बसते वं बाई," ते म्हणाले. "पोळ्याले येतीन तं सोच्छ पाह्यजे."

मी मामीकडे पाहिलं. ती चुलीपुढे खाली मान घालून भाकर थापत होती.

आषाढात पाऊस बरा झाला. त्याच सुमाराला मामी एकटीच अमरावतीला आली. ती कधी एकटी कुठे जायची नाही, म्हणून मला नवल वाटलं. चहा झाल्यावर तिनं पिशवीतून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक गाठोडं काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

"मले दोन बैल करून दे," ती म्हणाली. "लाकडाचे. अगदी त्यायच्यासारखे. शिंगबी तसंच आन् डागबी तसाच. पोळ्याले पूजा कराले कामी येतीन."

"अगं, पण खरे येतील ना पोळ्याला?"

"आले तं आले. नाई आले तं पूजा चुकाची नाई." आणि मग गाठोड्याकडे हात करून, "आन् ह्याच्या झुली शिव त्यायले."

मी गाठोडं उघडलं. बैलांच्या दोन्ही मोठ्या झुली होत्या. मामीनं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हातानं शिवलेल्या, लाल नि पिवळ्या ठिगळांच्या, मध्ये आरसे, कडेला कवड्या. इतक्या वर्षांच्या पोळ्यांनी ते कापड असं मऊ झालं होतं, की बोटांत धरलं तरी कळत नव्हतं. लाल रंग विटून डाळिंबाच्या सालीसारखा झाला होता. खरं सांगायचं तर माझ्या तोंडाला पाणी सुटलं. असं कापड मला जन्मात पुन्हा मिळालं नसतं.

एकदा मी विचारलं, तेवढं माझ्या पदरात घालायला हवं. "मामांना विचारलंस का?"

मामी म्हणाली, "ते तुह्या हातचं पाहून खूश होतीन."

हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. ते मला तेव्हाच कळलं होतं. पण कापड मांडीवर होतं, आणि मी पुढे विचारलं नाही.

बैलांचं लाकूड घडवायला मी नेहमीच्या चाचांकडे गेले. ते खेळण्यांचं नि पाळण्यांचं काम करायचे. बोटं वाकडी झाली होती पण हात पक्का. मी शिंगाचं सांगितल्यावर ते म्हणाले, "बाई, टूटा हुआ सिंग सीधा नहीं बनता. पहले पूरा बनाना पड़ता, फिर तोड़ना पड़ता. नहीं तो झूठा दिखता." मला ते इतकं पटलं की मी त्यांच्याकडून दोन्ही शिंगं पूर्ण करून घेतली आणि घरी येऊन एकाचं टोक कानशीनं घासून, चिमट्यानं मोडलं. डागाची खूण तापलेल्या सुईनं दिली. पांढऱ्यात किंचित राख मिसळली, कारण पोटाखालचा रंग तसाच होता. आठ दिवस मी डोळ्यांवर घालवले. डावीकडचा पाणी पिण्याआधी फुंकर मारायचा, म्हणून त्याच्या नाकपुड्या जराशा फुगवल्या. पूर्ण झाल्यावर मी ते दोघे टेबलावर ठेवले आणि खुर्ची मागे घेऊन पाहिलं, तर माझाच ऊर भरून आला. आयुष्यात एवढं चांगलं काम मी केलेलं नव्हतं. आजही तेच म्हणेन.

मग झुली. दोन्ही मोठ्या झुली मी फरशीवर पसरल्या आणि कुठला भाग घ्यायचा ते खडूनं आखलं. सगळ्यात बारीक शिवण मधल्या भागात होती, आणि चार बोटांच्या बैलाला तीच शोभली असती. म्हणून मी मधूनच कापल्या, दोन्ही. आरसे मोठे पडत होते, ते उसवून त्यांच्या जागी टिकल्या लावल्या. कवड्यांऐवजी तांदळाचे दाणे बसवले. उरलेल्या कापडातून शाळेतल्या एका मुलीचा तान्ह्या पोळ्यासाठीचा नंदीबैलाचा पोशाख झाला. त्यातूनही राहिलेल्या चिंध्या मी टेबल पुसायला ठेवल्या. कात्री चालवताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही. हे मला पुढे फार दिवस खात राहिलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी अकोटला गाडी बदलून मी हिवरखेडला उतरले. त्या दिवशी संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतात आणि उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतण देतात. गावात घरोघर तीच गडबड होती. अर्थात ज्यांच्याकडे बैल उरले होते त्यांच्याच घरी. आमच्या गल्लीत आता दोनच दावणी राहिल्या होत्या. मामा ओट्यावर बसले होते. गोठा सारवलेला होता, गव्हाणीत हिरवा चारा टाकून ठेवलेला होता. उद्या सकाळी बार्शीटाकळीला जाऊन जोडी टेम्पोत चढवून घेऊन यायची असं त्यांनी ठरवलं होतं. दरम्यान काही निरोप आलेला नव्हता. पण त्या माणसाकडे फोन नाही, असं ते म्हणाले.

मी खोक्यातून बैल काढले आणि ओट्यावर त्यांच्यासमोर ठेवले.

मामांनी आधी हात लावला नाही. वाकून पाहिलं. मग उजवीकडचा उचलून त्याचं शिंग अंगठ्यानं चाचपलं आणि हसले. मामा हसले! "गोठ्याच्या चौकटीत आपटून टोक मोडलं होतं याचं," ते म्हणाले आणि तो ठेवून त्यांनी डावीकडचा उचलला. "आन् हे पाह्य... याचा डाग. बापा बापा बापा. नाक कसं केलं वं हे? हे फुंकर मारून राह्यलं ना." त्यांनी तो बैल कानापाशी नेला, खरंच फुंकर ऐकू येईल अशा तऱ्हेनं. माझी छाती अशी फुगली होती! मामी दारात उभी होती.

मग त्यांचं बोट झुलीवर गेलं. त्यांनी कापड चिमटीत धरलं. कडेची शिवण पाहिली, उलटी करून पाहिली.

"हे कापड कुठलं?"

मी मामीकडे पाहिलं.

"आपल्याच झुलींचं आहे, मामा," मी म्हणाले. "नव्या कापडाचं खोटं दिसतं, म्हणून."

"कापल्या?"

"हो."

"दोन्ही?"

मी मान हलवली. त्यांनी बैल खाली ठेवला, अगदी हळू, चार पाय टेकले का ते पाहून.

"तुले कोनं सांगतलं का ते येनार नाईत म्हून?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. मला काही कळेना. मी म्हटलं, "तसं नाही मामा, मी तर पूजेसाठी..."

"बैल इकला का त्याच्या अंगावर झूल घालून पाठोतेत," ते म्हणाले. "झूल गेली का तो दुसऱ्याचा झाला. म्या झुली देल्ल्या नाई त्याले. त्यानं मांगतल्याबी होत्या. म्या म्हनलं, नाई, झुली घरी रायतीन. झूल घरी हाय तंवर जनावर घरचं हाय. तोबी हाव म्हनला."

आजोळी मी लहानाची मोठी झाले, पण ही रीत मला ठाऊक नव्हती. माझ्या आठवणीत मामांनी बैल विकलेच नव्हते, तर कशी ठाऊक असणार? मी पुन्हा मामीकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला होता.

"मी जोडून देते, मामा," मी म्हणाले. "सगळे तुकडे आहेत माझ्याजवळ." हे खोटं होतं. अर्धे तुकडे एका मुलीच्या पोशाखात होते आणि टेबल पुसायच्या चिंध्यांना रंग लागला होता. एरवी कुणी काम बिघडवलं की मी घर डोक्यावर घेणारी बाई. तिथे बिघडवणारी मीच होते. मामा उठून आत गेले. त्या संध्याकाळी आमच्या गोठ्यात कुणी आवतण दिलं नाही.

सकाळी पहिल्या गाडीनं ते निघाले. मी पाठोपाठ गेले. नको म्हणाले नाहीत. अकोल्याला उतरून बार्शीटाकळीची गाडी धरली, मग पुढे पायी. त्यांच्या खांद्यावर दोन कासरे होते नि सदऱ्याच्या आत डब्यातले पैसे. गावोगावी रस्त्यावर बैल धुवायला नेत होते. मामा प्रत्येक जोडीकडे पाहायचे आणि नजर काढून घ्यायचे. मी मनातल्या मनात नवस बोलत होते. मी कधी नवस बोलणारी बाई नव्हते.

तो शेतकरी घरीच होता. आम्हाला पाहून तो बाजेवरून उठला आणि उभाच राहिला. त्याचा गोठासुद्धा रिकामा होता. आत एक शेळी बांधलेली होती.

मामांनी विचारलंच नाही. त्यानंच सांगितलं. ज्येष्ठात त्याचीही विहीर आटली होती. पंधरा दिवस त्यानं लांबून टँकरचं पाणी आणून पाजलं, घराच्या छपराचं गवत काढून घातलं. "मले तुमचा शब्द ध्यानात होता दादा," तो म्हणाला. "पन ते माह्या दारात मराले टेकले होते. म्या बाजारात नेले. कोनं घेतले, कुठं नेले, आता मले सांगता येत नाई." मग म्हणाला, "निरोप कोन्या तोंडानं पाठवू?"

मी त्याच्यावर चिडायचं ठरवून आले होते. त्यानं शब्द मोडला असला तर त्याला काय काय सुनवायचं ते मी गाडीत जुळवलं होतं. पण त्याच्या छपराला खरोखर गवत नव्हतं; वर प्लास्टिक बांधलेलं होतं. त्याच्या बायकोनं चहा आणला. मामांनी चहा घेतला. तिनं पुरणाची पोळी खाऊन जा म्हटलं, तर अर्धी खाल्ली. निघताना त्यांनी त्या माणसाच्या पाठीवर हात ठेवला. खांद्यावरचे कासरे तसेच घेऊन आम्ही परत निघालो.

गाडीत मी म्हटलं, "मामा, मी चुकले."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुनं काय केलं वं?"

आम्ही पोहोचलो तेव्हा पोळा फुटून गेला होता. देवळापुढचं तोरण तुटून खाली पडलं होतं. मामीनं पाटावर लाकडाचे बैल मांडून, हळदकुंकू वाहून, पुरणाचा नैवेद्य दाखवून ठेवला होता. मामा त्या पाटाकडे पाहत अंगणातच बसले. मी स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं. इतका वेळ दाबलेला राग मी तिच्यावर काढला.

"तुला रीत माहीत होती. झूल कापली की काय होतं हे तुला माहीत होतं. मला का दिली?"

मामीनं चुलीतली लाकडं मागे ओढली. "आषाढातच मालूम झालं मले," ती म्हणाली. "तिकडची एक बाई बाजारात भेटली. जोडी गेली म्हने, केव्हाचीच. म्या ह्यायले कसं सांगू? हे रोज गोठा झाडून राह्यले. मले वाटलं का पोळ्याच्या दिवशी तिथं जाऊन एकदम आयकलं तं ह्यायचं काय होईन? आजकाल काय काय आयकतो आपन." तिनं डोळे पुसले. "म्या सांगू शकली नाई वं पोरी. मले वाटलं, तू चांगली करशीन, हे पायतीन, मंग ह्यायले हळूहळू समजीन."

मला तिचा राग आला होता तो कुठे गेला कळलं नाही. जे तिला बोलता येत नव्हतं ते तिनं माझ्या कात्रीकडून बोलवून घेतलं होतं, आणि मी माझ्या कौतुकात होते. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मला आजही सुचत नाही. आम्ही दोघी चुलीपाशी बसून राहिलो. पुरण गार होत होतं.

दुसऱ्या दिवशी मी निघायच्या वेळी मामा बाहेर आले. त्यांनी लाकडाचे बैल कोनाड्यात मांडले होते. ते बराच वेळ त्यांच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "काम लय भारी केलं तुनं. इतकं खरं आजपावतर कोनं केलं नशीन."

मला रडू आलं.

"आता एक मानूस करून देशीन काय?" ते म्हणाले. "त्यायच्या मांगं. असा, उभा. धोतर, सदरा. माह्यासारखा कर."

ते साध्या आवाजात बोलत होते. बैल आहेत तर मागे माणूस पाहिजे, एवढंच. पण माझ्या डोळ्यांपुढे भलतंच आलं. त्या दिवसांत गावोगावी घरांच्या भिंतींवर नवे फोटो लागत होते, हार घातलेले. मला त्यांच्या चेहऱ्याची प्रत्येक रेघ पाठ होती. मी डोळे मिटून ते रंगवू शकले असते, आणि ते खोटं दिसलं नसतं. त्याचीच मला भीती वाटली.

"मला माणसं जमत नाहीत, मामा," मी म्हणाले.

शेकड्यानं माणसं केलेल्या माझ्याकडे त्यांनी पाहिलं. "बरं," म्हणाले.

अमरावतीला आल्यावर मी त्या मुलीच्या घरी गेले. स्पर्धा झाली होती, तिला बक्षीस मिळालं होतं, आणि पोशाख अंगात घालूनच ती अंगणात खेळत होती. मी तिचं कौतुक करून परत आले. जेवढे तुकडे घरात होते ते धुऊन, इस्त्री करून जोडायला बसले. मधली जागा भरेना. नवं लाल कापड लावून पाहिलं, उसवलं. शेवटी तसंच बांधून कपाटात ठेवलं. जिन्याखालचं टेबल मी त्या वर्षी झाकून टाकलं. महालक्ष्म्यांच्या बाहुल्या मागायला आलेल्या बायकांना डोळ्यांचा त्रास आहे असं सांगितलं.

मला एकच काम उरलं होतं. हिवरखेडला तेव्हा नुकताच मोबाइल आला होता. मी रोज दिवस मावळताना फोन लावायचे. मामी उचलायची. मी आधी पावसाचं विचारायचे, मग भाजी काय केली ते, आणि मग हळूच, "मामा कुठे आहेत?" ती म्हणायची, ओट्यावर बसून हायेत. जेवून राह्यले. आंग धुवून राह्यले. एकदा ती म्हणाली, वावरात गेले, अजून आले नाईत; तेव्हा ते परत येईपर्यंत मी फोन कानाला लावून उभी होते, आणि ती पलीकडे तशीच उभी होती.

असं दिवाळीपर्यंत चाललं. मग एका संध्याकाळी फोन मामांनीच उचलला. त्यांना फोनवर बोलायची सवय नव्हती. ते मोठ्यानं बोलायचे. मी गडबडून म्हटलं, "मामा, पाऊस आहे का तिकडे?"

"कार्तिकात कुठचा पाऊस?" ते म्हणाले. "तू रोज काहून फोन करतं, मले मालूम हाय. तुही मामीबी न्हानीपर्यंत मांगं येते. काई करत नाई मी. भेव नको घेऊ. घरीच हाय."

मी जिन्याच्या पायरीवर बसले.

"बैलच नाईत तं जाईन कुठं?" मामा म्हणाले, आणि फोन मामीच्या हातात दिला.